वत्सलाबाईंची पंच्याहत्तरी

"आई, तुझी जन्मतारीख काय गं?"

मुकुंदने हे विचारलं तेव्हा मी गवार मोडत बसले होते. तो समोरच्या खुर्चीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता आणि सून मेधा ओट्याशी चहा गाळत होती. आषाढातली दुपार होती, बाहेर नुसतंच भरून आलं होतं.

"कशाला हवी?"

"पासपोर्टला. तुझ्या आधारवर नुसतं साल आहे, एकोणीसशे चव्वेचाळीस. त्यांना तारीखही लागते."

"पासपोर्ट काय करायचाय मला? लोणचं घालू?"

मेधा हसली. मुकुंदने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर पांढरीशुभ्र बोट होती, आमच्या गल्लीपेक्षा लांब. "डिसेंबरात जायचंय. मुंबईहून मालदीव. तू, मी आणि मेधा. बोट देशाबाहेर जाते, त्यामुळे पासपोर्ट नसेल तर शिडीजवळसुद्धा उभं करत नाहीत."

"मग एक जून टाक. आमच्या वेळी शाळेत निम्म्या वर्गाची एक जूनच असायची."

"एक जून नको. पंच्याहत्तरी आहे तुझी. खरी तारीख हवी मला. वाढदिवस बोटीवर झाला पाहिजे, मी ठरवलंय."

मी मान खाली घालून गवार मोडत राहिले. एक तारीख मला चांगली ठाऊक होती, पण ती माझी होती. आणि पंच्याहत्तरी माझी नव्हती, वत्सलाची होती. मी तेव्हा सहासष्ट वर्षांची होते.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. आढेवेढे न घेता सांगते. वत्सला ही मुकुंदची जन्मदाती. मुकुंद आठ महिन्यांचा असताना ती लांज्याला माहेरी काविळीने गेली. वर्ष उलटायच्या आत दिनकर खातूंशी माझं लग्न झालं. माझ्या वडिलांना तीन मुली उजवायच्या होत्या आणि बिजवराने हुंडा मागितला नाही, एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. घरात पाऊल टाकल्यावर ताटात तांदूळ पसरून पुढे ठेवले. नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. यांनी लिहिलं, 'वत्सला'. माझ्या धाकट्या बहिणीच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

सासूबाई म्हणाल्या, "नाव तेच राहील. पोराला उद्या कोणी विचारलं, आईचं नाव काय, तर घरातून एकच उत्तर आलं पाहिजे. आणि रेशनकार्डावर खाडाखोड नको."

तेव्हा मी ते नाव चोरलं बिरलं नाही. ताटात वाढून दिलं, मी घेतलं. वीस वर्षांची मुलगी दुसरं काय करणार होती?

यांची नोकरी पाटबंधारे खात्यात. यांनी कोकणातून बदली मागून घेतली ती थेट जालन्याला, जिथे ओळखीचं कुत्रं भेटायचं नाही. लांज्याशी संबंध तोडले. माझ्या माहेराशीही तोडले, कारण तिथे कोणीतरी मला जुन्या नावाने हाक मारली असती. माझे वडील गेले तेव्हा मी एकटी जाऊन आले आणि मुकुंदला सांगितलं, लांबच्या नात्यात मयत झालंय. मला दुसरं मूल होऊ द्यायचं नाही, हे तर यांनी आधीच ठरवलं होतं. मुकुंदच्या मायेत वाटेकरी नको म्हणून लग्नापूर्वीच सरकारी शिबिरात ऑपरेशन करून घेतलं होतं. हे मला कळलं तोवर माझे सोळा सोमवार दोनदा करून झाले होते.

म्हणजे जगात माझं असं काय होतं? मुकुंद होता. त्याचा गोवर, त्याचे दात, त्याची दहावी, त्याचं लग्न, सगळं माझ्या हातून गेलं होतं. मी त्याला जन्म दिला नाही हे मी एकेकदा खरोखर विसरून जायचे. पण त्याला कधी कळलं तर, ही धास्ती मात्र कायम पोटात असायची. कळलं तर तो मला टाकील असंच मला वाटायचं. हे गेल्यानंतर ते गुपित राखायला मी एकटीच उरले होते.

"मी असं करतो," मुकुंद म्हणाला, "लांज्याला जाऊन तुझ्या शाळेतून दाखला काढून आणतो."

"ती शाळा जळाली."

"कधी?"

"जळाली असं ऐकलं होतं."

"आई, काहीतरीच. मी फोन केला होता. हेडमास्तर म्हणाले, जुनी रजिस्टरं आहेत, माणूस पाठवा."

"मला बोट लागते, मुकुंदा. तिथे उलट्या करत बसेन आणि तुमच्या मजेवर पाणी पडेल."

"तू कधी बसलीस गं बोटीत?"

"म्हणूनच सांगते."

तो हसत सुटला. मी नाही नाही म्हणायचं आणि त्याने माझ्या मनासारखंच करायचं, अशी आमची जुनी रीत होती. त्यामुळे माझ्या नाहीचा अर्थ तो कायम होच घ्यायचा. दोन दिवसांनी छत्री आणि पिशवी घेऊन तो लांज्याला गेला.

मी देव पाण्यात घालून बसले. आयुष्यात एकदाही लांजा बघितलं नव्हतं, आणि घरात मात्र लांज्याच्या नदीच्या, लांज्याच्या जत्रेच्या गोष्टी मी मुकुंदला भरवता भरवता सांगितल्या होत्या. सगळ्या मनच्या. तिथे वत्सलाची कोण माणसं उरली आहेत, हे मला यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सारखं वाटत होतं, कोणीतरी भेटेल आणि त्याला सांगेल.

तो परत आला तो सकाळच्या गाडीने, भिजलेला. पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "मिळाला दाखला. अकरा डिसेंबर."

"बरं झालं. कोण कोण भेटलं?"

"हेडमास्तर. शिपाई."

"आणखी?"

"आणखी कोण भेटणार? पाऊस फार होता."

आंघोळ करून तो जेवला. वरणावर तूप घेतलं, दुसऱ्यांदा भात घेतला. मी त्याच्या तोंडाकडे इतकी टक लावून बघत होते की मेधा म्हणाली, "आई, त्याला नजर लागेल." चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. माझ्या जिवात जीव आला.

मग पासपोर्टची धावपळ सुरू झाली. औरंगाबादच्या कचेरीत टोकन घेऊन बसलो. म्हाताऱ्या माणसाबरोबर घरचं एक माणूस चालतं, म्हणून मुकुंद माझ्या पाठीशी उभा होता. खिडकीतल्या मुलीने बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला आणि विचारलं, "आजी, वडिलांचं नाव?"

"महादेव शेट्ये." हे मी पाठ केलं होतं.

"आईचं?"

वत्सलाच्या आईचं नाव मला कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या स्वतःच्या आईचं नाव जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं.

"अहो आजी, आईचं नाव विसरलात?"

"सरस्वती," मुकुंद मागून म्हणाला. "सरस्वती महादेव शेट्ये."

मुलीने टाइप केलं. मी मनातल्या मनात त्या दाखल्याला हात जोडले. त्यावर असेल म्हणून याला माहीत, असं मी धरून चालले. त्या काळच्या दाखल्यावर आईचं नाव कुठे असायचं? पण वाचले या आनंदात मला तेवढंही सुचलं नाही.

नंतर पोलीस चौकशीला घरी आला. शेजारच्या दोघांना बोलावलं आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "या वत्सला दिनकर खातूच का? ओळखता?" शेजारचे अग्रवाल म्हणाले, "चाळीस वर्षं ओळखतो साहेब, आमच्या मुंजीबारशात यांच्याच हातचे लाडू." त्यांनी बिचाऱ्यांनी सह्या केल्या, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

सत्तरीपुढच्या प्रवाशाला डॉक्टरचं पत्रही लागतं, म्हणून डॉक्टरकडे गेलो. त्याने गुडघे वाकवून बघितले, रक्तदाब बघितला आणि म्हणाला, "पंच्याहत्तरी? काय खाता हो तुम्ही?" मुकुंद खिडकीबाहेर बघत होता. मला हसू आवरेना. नऊ वर्षं फुकट म्हातारी झाले होते, निदान त्याचं कौतुक तरी पदरात पडत होतं.

त्या काही महिन्यांत मुकुंद जरा गप्प असायचा. कामाचा ताण असेल, असं मेधा म्हणायची. माझ्या औषधपाण्याकडे मात्र त्याचं पहिल्यापेक्षा जास्त लक्ष होतं. "गोळ्या झाल्या का?" "ही सही राहिलीय." "गार वाटतं का? खिडकी लावू?" मी शेजारणीला म्हणायचेसुद्धा, मुलगा असावा तर असा.

डिसेंबरात मुंबईच्या बंदरावर आलो. हॉलमध्ये ही रांग, पोरंबाळं, चाकांच्या बॅगा. नागपूरहून आलेलं एक जोडपं रडकुंडीला येऊन बाजूला उभं होतं. त्या बाईच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या आत संपत होती, आणि तिकिटावर सासरचं नाव तर पासपोर्टवर माहेरचं. लग्नात नाव बदललं हो, ती सारखी सांगत होती, ही बघा पत्रिका. काउंटरवरचा माणूस म्हणत होता, मॅडम, पत्रिका चालत नाही, मी काय करू. मला तिची दया आली आणि मनातून थोडा गर्वही वाटला. माझे कागद कसे चोख होते.

आमच्या काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उघडला, फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा तारीख बघितली. "आजी, पंच्याहत्तर? खरं नाही वाटत हं!"

पकडले गेले, असंच वाटलं. पण ती हसत होती. "प्रवासातच वाढदिवस आहे की तुमचा. आम्ही लक्षात ठेवू." पासपोर्ट बोटवाल्यांनी ठेवून घेतले आणि गळ्यात अडकवायला एकेक कार्ड दिलं. माझ्या कार्डावर लिहिलं होतं, वत्सला दिनकर खातू. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र.

बोटीचं वर्णन मी करत बसत नाही. चार दिवस मी एखाद्या राणीसारखी होते. मला बोट लागली नाही. मेधाने मला पायात बूट घालायला लावले. समुद्र दिसायचा, पाणी आणि पाणी, आणि मला वाटायचं, आता सुटले. मुकुंद लांज्याला जाऊन आला, कचेरी झाली, पोलीस झाले, डॉक्टर झाला. आता हे गुपित माझ्याबरोबर जळून जाईल आणि माझा मुलगा मला अग्नी देईल.

अकरा तारखेला सकाळी खोलीचं दार उघडलं तर बाहेर फुगे बांधलेले. पासपोर्टवरची तारीख बघून बोटीवाले आपणहून करतात म्हणे. दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये सात-आठ वाढपी टाळ्या वाजवत, गाणं म्हणत आले. केकवर 'वत्सला' लिहिलेलं होतं. आजूबाजूच्या टेबलांवरची चार मराठी कुटुंबं उठून आली. "पंच्याहत्तरीच्या वाटतच नाही हो," सगळ्यांचं एकच.

मुकुंद उभा राहिला. तो कधी चारचौघांत बोलत नाही, म्हणून मेधासुद्धा चकित झाली.

"आज माझ्या आईला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली," तो म्हणाला. "तिने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. मागायला तिला वेळच मिळाला नाही. मला तिच्यासाठी काही करता आलं नाही आजपर्यंत. आज एवढंच करतोय."

त्याचा आवाज चिरकला. हे गेले तेव्हासुद्धा मी त्याला असा रडताना पाहिला नव्हता. मी पदराने डोळे पुसत होते, मेधा पुसत होती, शेजारच्या टेबलावरच्या एक बाई तर हुंदके देत होत्या. त्या बोटीवर माझ्यासारखी सुखी बाई दुसरी नसेल. मी केकचा तुकडा उचलून त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तो हातात घेतला आणि बशीत ठेवला. पोट भरलंय, म्हणाला.

चारच्या सुमाराला मेधा म्हणाली, "मी आत चहाला टेबल धरून ठेवते, तुम्ही दोघं या सावकाश." मुकुंद आणि मी वरच्या डेकवर दोन खुर्च्यांत बसलो. ऊन उतरलं होतं. आसपास कोणी नव्हतं.

"मुकुंदा," मी म्हटलं, "फार केलंस रे माझ्यासाठी."

तो समुद्राकडे बघत होता. तसाच बघत म्हणाला, "लांज्याला इंदूमावशी भेटली होती."

"कोण इंदूमावशी?"

शब्द तोंडातून गेले आणि मुकुंदने माझ्याकडे मान वळवली. त्याच्या डोळ्यांकडे बघताच मला कळलं, की हे मी विचारायला नको होतं.

"वत्सला शेट्येची धाकटी बहीण," तो म्हणाला. "सख्खी."

वाऱ्याने पदर उडत होता तो धरून बसले.

"शाळेतला शिपाई म्हणाला, शेट्यांची वत्सला ना? तिची बहीण त्या वळणावर राहते, भेटून जा. मी म्हटलं, आईला सांगता येईल, तुझी बहीण भेटली. गेलो. म्हातारीने दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. मी नावसुद्धा सांगितलं नव्हतं. मला म्हणाली, वत्सूचा ना रे तू? आणि दुसरा प्रश्न काय विचारला असेल तिने?"

मी मान हलवली.

"तुझ्या आईचं श्राद्ध कोण करतं रे?"

खाली पोहण्याच्या तलावात पोरं किंचाळत होती. मुकुंद अगदी शांत बोलत होता, लहानपणी निबंध वाचून दाखवायचा तसा.

"म्हणजे तुला आषाढापासून माहीत होतं?"

"हो."

"मग तेव्हाच का विचारलं नाहीस? घरी आल्या आल्या का नाही विचारलंस?"

"मग पासपोर्ट झाला नसता. कोणीतरी घाबरून कचेरीत आलंच नसतं, आणि तारीख हुकली असती." त्याने शर्टाच्या खिशातून एक फोटो काढला, प्लॅस्टिकमध्ये घातलेला. माझ्या हातात दिला. "मावशीकडे हा एकच होता. मला तिचा एक वाढदिवस करायचा होता. तिच्या नावाने, तिच्या तारखेला, केकबिक आणून. वाढदिवसाला समोर कोणीतरी बसावं लागतं."

फोटोत दोन वेण्या पुढे घेतलेली एक मुलगी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. नाक मुकुंदचं. हिच्या नावाने मी भाज्या घेतल्या, मतं दिली, यांच्या चितेपुढे बांगड्या फोडल्या, आणि मी तिचा चेहरा पहिल्यांदा बघत होते.

"म्हणजे ते दुपारी तू बोललास..."

"ते तिच्याबद्दल होतं."

मला वाटलं होतं की हे कळेल त्या दिवशी तो ओरडेल, भांडेल, मला दोष देईल. त्याची उत्तरं मी कित्येक वर्षं मनात तयार ठेवली होती. यातलं एकही उत्तर इथे लागू पडत नव्हतं. मी म्हटलं, "मुकुंदा, मी वाढवलं रे तुला."

"वाढवलंत," तो म्हणाला. "ते मी कधीच नाकारणार नाही."

वाढवलंस नाही, वाढवलंत. मी ऐकलं आणि मला वाटलं, चुकून झालं असेल. मग सगळे महिने डोळ्यांपुढून गेले. गोळ्या झाल्या का, सही राहिलीय, गार वाटतं का. लांज्याहून आल्यापासून तो मला एकदाही तू म्हणाला नव्हता. एकदाही आई अशी हाक मारली नव्हती. माझं कसं लक्ष गेलं नाही? मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले होते.

"तिचं नाव घेतलंत," तो म्हणाला. "घर घेतलंत, मलाही घेतलंत. त्यात तुमचा दोष असेल असं मी म्हणत नाही. बाबांनी आणि आजीने केलं ते. पण तिचं मरण तरी तिला द्यायचं होतंत. इतकी वर्षं कोणी तिच्या नावाने पाणी सोडलं नाही. सोडणार कसं? ती जालन्यात स्वयंपाक करत होती ना."

मग माझाही तोल गेला. सहन करायचं ते किती? "आणि मला कोणी विचारलं होतं रे? तुझी आई मेली ती एकदाच मेली. मला जिवंतपणी पुसून टाकलं. माझा बाप मेला तर मला तुझ्यापुढे रडता आलं नाही. माझ्या पोटाला एक मूल येऊ दिलं नाही तुझ्या बापाने, का, तर तुझ्यासाठी. आणि आता तू मला घर घेतलंत म्हणतोस!"

पोटच्या मुलाने हात धरला असता, की पायाशी बसला असता, की उलट तोडून बोलला असता, कोण जाणे. त्याने नुसतं ऐकून घेतलं.

"खरंय," तो म्हणाला. "माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव वत्सला आहे, ते खरं आहे. तुमच्या पासपोर्टवर फोटो सोडला तर तुमचं काहीच नाही." आणि मग, "काय होतं तुमचं नाव?"

रागाने नाही विचारलं. डॉक्टरच्या बाहेर बाकावर शेजारी बसलेल्या बाईला विचारावं तसं, नीट, अदबीने विचारलं. त्याला मी बोलायला शिकवलं होतं. मोठ्यांशी कसं बोलायचं तेही मीच शिकवलं होतं.

"द्वारका," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्याने मान डोलावली. फोटो माझ्या हातातून हळूच काढून घेतला, प्लॅस्टिक पुसलं आणि खिशात ठेवला.

"मेधाला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. घरी गेल्यावर मी लांज्याला जाऊन तिचं जे काही करायचं ते करीन. तुमची औषधं, दवाखाना, घर, यात काही फरक पडणार नाही, ती काळजी करू नका. चारचौघांत आईच म्हणेन."

"आणि चारचौघं नसताना?"

त्याने खिशाचं बटण लावलं. काचेचं दार सरकल्याचा आवाज आला आणि मेधाने बाहेर डोकं काढलं. "अहो, किती वेळ? सगळे वाढदिवसाच्या आजी कुठेत म्हणून विचारताहेत!"

मुकुंद उठला. त्याने वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मेधाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, हसत म्हणाला, "चल आई, ऊठ. तुझा चहा गार होईल."